गोड द्रावण उघडं ठेवू नये

बिरू कोकरेचं पत्र आलं ते तुळशीचं लग्न झालं त्या आठवड्यात. आता महाशिवरात्र तोंडावर आली, तरी जोतीराम बोराटे यांचं उत्तर गेलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं नाही. अकरा वेळा लिहिलं होतं. अकराही वेळा ते टेबलाच्या खणात जुन्या पंचांगाखाली जाऊन पडलं. रोज सकाळी चहा झाला की जोतीराम तो खण उघडत, वरचा कागद वाचत, तोंड कडू करत आणि खण पुन्हा लावून टाकत.

जोतीरामांना बारामतीत सगळे तात्या म्हणत. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर बारामतीत दोन खोल्या बांधल्या आणि उरलेलं आयुष्य पुस्तकांत घालवायचं ठरवलं. माणसांपेक्षा पुस्तकं बरी, ती उलट विचारत नाहीत, असा त्यांचा अनुभव. बिरू हा त्यांच्या हाताखाली चार हंगाम काम केलेला केमिस्ट. लोणी भापकरचा, मेंढरांमागं वाढलेला, त्या घरातला पहिला बी.एस्सी. पुढं तो एम.एस्सी. झाला आणि पुण्याला लस तयार करणाऱ्या एका कंपनीत लागला. गेला तेव्हा पाया पडून म्हणाला होता, "साहेब, अडलं तर तुम्हालाच विचारीन." तात्यांना वाटलं होतं, हे म्हणायचं म्हणून.

पण अडलं, आणि त्यानं खरंच विचारलं.

पत्र तात्यांना आता तोंडपाठ झालं होतं. बिरूनं लिहिलं होतं की लहान बाळांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक जंतू आहे. त्या जंतूच्या अंगावर साखरेचं कवच असतं. ती साखर टोचली तर मोठ्या माणसाचं शरीर ती ओळखतं आणि जंतूशी लढायला शिकतं. पण दोन वर्षांच्या आतलं बाळ नुसत्या साखरेची दखलच घेत नाही. तीच साखर एखाद्या प्रथिनाला पक्की बांधून दिली, तर मात्र घेतं. परदेशात अशी लस निघाली आहे, पण ती आपल्याकडच्या गरिबाच्या बाळाला कधी मिळायची? म्हणून इथंच करायची.

"साहेब, आमची पद्धत अशी," त्यानं पुढं लिहिलं होतं, "पेरिऑडेटनं साखरेच्या साखळीत अल्डिहाइडची टोकं तयार करायची. डायलिसिस करून उरलेलं पेरिऑडेट काढून टाकायचं. मग ती साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉइडमध्ये, म्हणजे आमच्या प्रथिनात, मिसळायची. साखरेचं अल्डिहाइड प्रथिनाच्या अमिनो गटाला धरतं, आणि सायनोबोरोहायड्राइड घातलं की ती गाठ कायमची पक्की होते. निदान पुस्तकात होते. माझी होत नाही. शनिवारी साखर तयार करून ठेवतो, सोमवारी जोडायला घेतो, आठवड्यानं तपासतो. साखर साखरेच्या जागी, प्रथिन प्रथिनाच्या जागी. एकदाच, गुरुवारी सुरुवात करून त्याच दिवशी जोडायला घातली, तेव्हा थोडी लागली होती. ते का, ते कळत नाही. शिळ्या उसातल्या बुळबुळीत साखरेवर तुम्ही पेरिऑडेट चालवलं होतं, मी बाटल्या धुतल्या होत्या. तुम्हाला ह्यातलं जे कळेल ते इथं कुणाला कळणार नाही. मार्चअखेर काही लागलं नाही, तर वरचे लोक हे काम बंद करणार आहेत आणि मला बाटल्या भरायच्या खात्यात टाकणार आहेत. स्वतःचं एवढं नाही, पण काम बंद पडू नये."

हे शेवटचं वाक्य तात्यांच्या मनातून जात नव्हतं. आपण कोण? बी.एस्सी. आणि वर साखरतंत्राची पदविका. उसाच्या रसात साखर किती, मळी किती, एवढं मोजण्यात जन्म गेला. शिळ्या उसावरचा तो प्रयोगही अर्धवट सुटलेला. त्या मुलानं कसली मोठी समजूत करून घेतली होती! उत्तर चुकलं तर त्याचे उरलेले महिनेही वाया जाणार, आणि पुण्याचे ते डॉक्टरेट झालेले लोक हसणार: हा कोण साखर कारखान्यातला म्हातारा?

म्हणून आधी वाचून घ्यावं असं ठरलं, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

कॉलेजच्या ग्रंथालयात ओळख काढून ते बसायला लागले. कर्बोदकांवरचा ग्रंथ पाच खंडांचा होता आणि नेमका तिसरा जागेवर नव्हता. आठ वर्षांपूर्वी कुणा प्राध्यापकानं नेला, पुढं त्याची बदली झाली. नियतकालिकांचे अंक एकोणनव्वदला येऊन थांबलेले. पुण्याच्या एका ग्रंथालयाला पाच लेखांच्या झेरॉक्ससाठी लिहिलं, ती दीड महिन्यानं आली. त्यात एका लेखाची पानं दोनदा आणि दुसऱ्याचं एकही नाही. जे हवं होतं ते पान नेमकं तिरकं पडून कडेच्या ओळी कापल्या गेलेल्या. तात्या भिंग घेऊन त्या कापलेल्या शब्दांची शेपटं जुळवत बसत.

तरी त्यांनी अकरा उत्तरं रचली. पहिल्या तिनांत साखरच नीट कापली जात नसेल असं होतं. मग ध्यानात आलं की तसं असतं तर गुरुवारची तरी कशी लागली? चौथ्यात लिहिलं की तयार साखर दोन दिवस ठेवली की अल्डिहाइडची टोकं आपसांतच वळून मिटत असतील. ते बरं वाटलं, पण मिटलेली टोकं पाण्यात पुन्हा उघडतात हेही त्यांनाच माहीत होतं. सहाव्यात मोठी चाल सुचली. टॉक्सॉइड मुळात फॉर्मलीन घालूनच निर्विष केलेलं असतं, तेव्हा प्रथिनाचे पुष्कळसे अमिनो गट फॉर्मलीननं आधीच अडवलेले असणार. तर मग अमिनोचा नाद सोडावा, मध्ये हायड्राझाइडचा दुवा घालावा आणि कार्बोडायइमाइडनं तो प्रथिनाच्या दुसऱ्या गटांना जोडावा. हे चार पानं झालं. पाकीट चिकटवलंसुद्धा. मग बिरूचं पत्र पुन्हा काढलं तर तळाशी बारीक अक्षरात होतं: "हायड्राझाइडचा मार्गही पाहिला, पण ती पद्धत बसवायला आमच्याकडे वेळ उरलेला नाही."

तात्यांनी पाकीट फाडलं. एवढं वाचूनही जे समोर लिहिलंय तेच दिसू नये? डोळे गेले होते की डोकं?

"आवं, त्या पोराला दोन ओळी लिवायला काय हात झडत्यात का तुमचं?" प्रयागबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. त्यांची बायको. तिला या पत्राचा आता वैताग आला होता, कारण घरातल्या प्रत्येक गोष्टीला 'हे पत्र झालं की' असं उत्तर मिळे.

"दोन ओळींचं काम नाही ते."

"मग चार लिवा. सा लिवा. म्हाइत न्हाय तर म्हाइत न्हाय म्हनून लिवा. त्यालाबी शाई तेवढीच लागती."

तात्यांनी खण लावून टाकला. माहीत नाही असं लिहायलाही धैर्य लागतं, हे तिला कसं सांगावं?

बाजाराच्या दिवशी दारात हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंडी घेऊन बानूबाई आली. बिरूची आई. उन्हानं रापलेली, कपाळभर कुंकू, हातात कोपरापर्यंत गोंदण. तात्या आतल्या खोलीत सटकायच्या बेतात होते, पण तिनं पाहिलं.

"साहेब, बरं हाय न्हवं?"

"बरंय, बरंय. या, बसा."

ती दाराशीच टेकली आणि त्यांना वरून खाली न्याहाळलं. "अंगानं तर बरं दिसताय."

"म्हणजे?"

"न्हाय, बिरू सक्रातीला आल्ता. म्हनला, आये, बारामतीला गेलीस तर साहेबांकडं जाऊन ये. आजारी बिजारी असत्याल. बरं असतं तर उत्तर धाडल्याबिगर ऱ्हायलं नसतं."

प्रयागबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या त्या जागीच थांबल्या. नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि तांब्या बानूबाईच्या हातात दिला. ते बघणं तात्यांना जास्त लागलं.

"लई उतरलाय," बानूबाई पाणी पिऊन म्हणाली. "काय तरी चिकटवायचं काम हाय म्हनं, ती चिकटतच न्हाय. म्या म्हनलं खळ लाव की रं, पीठ शिजवून. तर हसला. पर त्ये हसनं काय खरं न्हवतं." मग जरा थांबून म्हणाली, "साहेब, म्या अडानी. म्या इचारू नये. पर ह्येला तुमी येक शबूद लिवला न्हाय, त्ये का?"

तात्यांनी डहाळ्याचा एक घाटा तोडला, सोलला आणि हातातच धरून बसले.

ती गेल्यावर प्रयागबाई एवढंच म्हणाल्या, "जित्ता हाय म्हनून तरी कळवा."

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या एसटीनं तात्या इंदापूरला निघाले. शिळ्या उसाच्या त्या प्रयोगाची वही कारखान्यातच राहिली होती. तिच्यात काही सापडलं तर बारावं उत्तर, नाहीतर बायको म्हणते तसं 'माहीत नाही' असं लिहून मोकळं व्हायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. वाटेत वीसदा ते मोडलं. सहा वर्षांत ते कारखान्याकडं फिरकले नव्हते. निवृत्त माणसानं गेलं की लोक चहा पाजतात आणि घड्याळाकडं बघतात, हे त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

हंगाम ऐन भरात होता. ट्रॅक्टरच्या रांगेतून वाट काढत ते प्रयोगशाळेत पोचले तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. नवे केमिस्ट साहेब मीटिंगला. जुना सर्जेराव तेवढा होता, त्यांच्याच वेळचा प्रयोगशाळेतला शिपाई, आता डोक्यावर एक केस काळा नाही.

"साहेब! आज सूर्य कुणीकडनं उगवला म्हनायचा?"

"एक वही पाहिजे होती, सर्जेराव. एकोणऐंशी सालची. हिरव्या पुठ्ठ्याची."

सर्जेरावांनी डोकं खाजवलं. "हिरव्या पुठ्ठ्याच्या? त्या मागल्या साली वाळवी लागली म्हनून जाळल्या की समद्या."

झालं! तात्या स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चार तासांची धूळ खाऊन आपण वाळवीनं खाल्लेली वही शोधायला आलो. यालाच म्हणतात आपलं नशीब, आणि नशीब कसलं, हाच आपला स्वभाव. तीन महिने जे काही शोधलं ते एकतर नव्हतं, नाहीतर तिरकं झेरॉक्स झालेलं होतं.

"च्या सांगतो," सर्जेराव म्हणाले. "येवढी पाळी बदलू द्या. हातासरशी काम उरकतो."

त्यांनी मांडणीवरची रसाची मोठी बाटली ओढली. दर तासाला गाळपाच्या रसातून थोडा थोडा नमुना घेऊन या बाटलीत साठवायचा आणि पाळी संपल्यावर एकदम तपासायचा, ही कारखान्याची रीत. सर्जेरावांनी ताजा रस आत ओतला, दुसऱ्या हातानं न बघता ड्रॉपर उचलला, दोन थेंब सोडले, बूच लावलं. नाकाला झोंबणारा ओळखीचा वास आला.

तात्यांनी चष्मा घातला आणि वर पाहिलं. भिंतीवर मांडणीच्या वर निळ्या रंगात लिहिलेली पाटी अजून होती. अक्षर त्यांचंच, वळणदार, जरा उजवीकडं झुकलेलं: 'गोड द्रावण उघडं ठेवू नये. दोन थेंब फॉर्मलीन.' साखरेचं पाणी ठेवलं की त्यात जंतू पडतात, रस बुळबुळीत होतो, आकडे चुकतात. म्हणून त्यांनीच हा नियम घातला होता. जो केमिस्ट विसरे त्याला ते ओरडत नसत, ओरडणं त्यांना जमतच नव्हतं. नुसतं पाटीकडं बोट दाखवत.

"सर्जेराव, हे थेंब तुम्ही रजिस्टरला लिहिता का?"

"कसलं?"

"फॉर्मलीन घातलं, असं."

सर्जेराव हसायला लागले. "हात धुतलं म्हनून कुनी रजिस्टरला लिवतंय का, साहेब? ती घालायचंच असतं. तुमीच लावलेली सवय. आता घरी काकवीचं भांडं दिसलं तरी हात ड्रॉपरकडं जातो माजा."

तात्या उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

शनिवारी साखर तयार करून ठेवतो. सोमवारी जोडायला घेतो.

शनिवारपासून सोमवारपर्यंत ती साखर कशात ठेवत असेल बिरू? एकदा पाळी संपवून हाच मुलगा निम्म्या वाटेवरून सायकल मारत परत आला होता. घामानं निथळत आत शिरला, बाटलीत दोन थेंब टाकले, 'विसरलो होतो साहेब' म्हणाला आणि गेला. तात्यांनी तेव्हा त्याला शाबासकी दिली होती. आयुष्यात त्यांनी ज्यांना शाबासकी दिली अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी होती.

फॉर्मलीन म्हणजे काय? अल्डिहाइडच. सगळ्यांत लहान, सगळ्यांत चपळ. इंदापूरच्या स्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सगळ्या जागा धरणारा एखादा असतो, तसं ते. बिरूची ती लांबलचक, जड साखर धापा टाकत प्रथिनाच्या दाराशी पोचेपर्यंत प्रत्येक अमिनो गटावर फॉर्मलीन बसलेलं असणार. वर सायनोबोरोहायड्राइड घातलं की त्याची तिथली बैठक कायमची. इथं बाटलीभर रसात दोन थेंब म्हणजे काहीच नाही. तिथं बोटाएवढ्या नळीत कणभर प्रथिन, आणि दोन थेंब? बुडवायला पुरे. गुरुवारी ठेवायची वेळच आली नाही, म्हणून थेंब पडले नाहीत, म्हणून थोडी लागली.

आणि सहाव्या उत्तरात आपण चार पानं फॉर्मलीनवरच लिहिली होती! दुसऱ्यानं घातलेलं फॉर्मलीन दिसलं. आपण शिकवलेलं नाही दिसलं.

"साहेब, पानी देऊ का?" सर्जेरावांनी विचारलं. "तोंड उतरलं तुमचं."

"ती पाटी मीच लिहिली ना, सर्जेराव?"

"मग! रंगाचा डबा धरून म्याच हुबा हुतो की."

तात्यांनी चहा अर्धा टाकला. इंदापूरला आले ते एका ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारी बसून, आणि सगळ्या वाटेत त्यांना स्वतःचाच असा राग येत होता की ट्रॅक्टरवाला काय बोलतोय हे एकदाही कळलं नाही. तीन महिने! दुसऱ्या दिवशीच नुसतं एवढं विचारलं असतं की बाबा रे, तू शनिवारी संध्याकाळी काय काय करतोस ते सगळं लिही, तर काम झालं असतं. पण साधा प्रश्न विचारला तर आपल्याला उत्तर येत नाही हे दिसलं असतं. म्हणून ग्रंथ.

स्टँडसमोर एसटीडी बूथ होता. तात्यांनी खिशातल्या बिरूच्या पत्रावरचा नंबर लावला. पलीकडून एक मुलगी चटचट इंग्रजीत बोलली. "कोकरे," तात्या म्हणाले. "बिरू कोकरे आहेत का?" "आपण कोण? कुठल्या कंपनीतून?" कुठल्या कंपनीतून? "हॅलो? हॅलो?" त्यांनी फोन ठेवला आणि बूथवाल्याकडं न बघता बाहेर आले.

पोस्टात खिडकीवर गर्दी नव्हती. त्यांनी अंतर्देशीय पत्र घेतलं आणि दोरीनं बांधलेल्या पेनानं उभ्यानंच लिहायला लागले. दुसऱ्या ओळीवर हात थांबला. बिरू आता फॉर्मलीन घालत नसेल तर? एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत शिकलेला माणूस, सोडली असेल जुनी सवय. मग हे पत्र वाचून तो कीव करील. आणि घालत असेल तर? मग त्याला कळेल की त्याचे दिवस ज्यानं खाल्ले तो माणूस पुण्यातला कुणी नाही, त्याचा साहेबच आहे. पहिलं खरं निघावं की दुसरं, हे तात्यांना ठरवता येईना. मग त्यांना दाराशी बसलेली बानूबाई दिसली, 'अंगानं तर बरं दिसताय' म्हणणारी, आणि पेन पुढं सरकलं.

"चि. बिरू यास अनेक आशीर्वाद. मी आजारी नव्हतो. उत्तर येत नव्हतं आणि तसं लिहायची लाज वाटली, म्हणून साडेतीन महिने गेले. आज कारखान्यात आपली पाटी पाहिली. तू शनिवारी साखरेत दोन थेंब टाकत असशील तर टाकू नकोस. ते अल्डिहाइड आहे, तुझ्या साखरेच्या आधी प्रथिनावर जाऊन बसतं. आधीची साखर फेकून दे. नवी कर, डायलिसिस झाल्याबरोबर त्याच दिवशी जोड. ठेवावीच लागली तर गोठवून ठेव, आत काहीही घालू नकोस. मार्चअखेरपर्यंत पाच आठवडे आहेत, निदान तीनदा करून होईल. थेंब टाकत नसशील तर मला काही माहीत नाही. टाकत असशील तर चूक तुझी नाही, मी शिकवली. वरच्यांना तसं सांग, माझं नाव घालून सांग. जोतीराम बोराटे."

वर पत्ता घातला आणि पुन्हा वाचलं. 'निदान तीनदा' हे जास्त झालं का? 'अल्डिहाइड आहे' हे त्याला सांगायची गरज होती का? एम.एस्सी. आहे तो. हे वाक्य काढावं, घरी जाऊन नीट लिहावं. खोडायला पेन टेकवलं.

"आजोबा, टाकायचंय का ते?" मागून आवाज आला. खाकीतला पोस्टमन पोतं घेऊन उभा होता. "पेटी उघडतोय. ह्या टपालात गेलं तर परवा पुन्यात. न्हायतर उद्याच्या टपालाला."

"अं? हो. म्हणजे... एक ओळ जरा..."

"बघा बुवा."

पोस्टमननं लाल पेटीचं कुलूप काढलं आणि आतली पत्रं पोत्यात सारायला सुरुवात केली. डिंकाच्या डबीत काडी नव्हती. तात्यांनी बोटानंच डिंक लावला, पत्राची घडी दाबली आणि पेटीच्या फटीकडं न जाता सरळ पोत्यापाशी जाऊन हात सोडला. पत्र बाकीच्या पत्रांत पडलं. कुठलं आपलं, ते लगेच ओळखू येईना.

पोस्टमननं पोत्याचं तोंड आवळलं, सायकलला बांधलं आणि तो स्टँडकडं गेला. तात्यांच्या बोटाला डिंक तसाच होता. ते तो पुसत बारामतीच्या गाडीकडं चालायला लागले.